बाहेरची फौज आल्यामुळे यादवी युद्ध खरंच थांबलं, असं एकतरी उदाहरण आहे का?

आहे. पश्चिम आफ्रिकेतला सिएरा लिओन. मी 2006 ते 2009 या काळात तिथल्या राजधानीत, फ्रीटाऊनला, एका भारतीय व्यापाऱ्याच्या पेढीत हिशेब सांभाळायला होतो. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना डिसेंबर 2005 मध्येच परत गेली होती, त्यामुळे यातलं काही वाचलेलं असलं तरी बरंचसं तिथल्या माणसांकडून ऐकलेलं आहे.

युद्ध मार्च 1991 मध्ये लायबेरियाच्या सीमेवरून पेटलं. फोडे संकोह नावाचा माजी कॉर्पोरल, त्याचा आरयूएफ हा बंडखोर गट आणि त्याला शेजारच्या लायबेरियाच्या चार्ल्स टेलरचं पाठबळ. टेलर तेव्हा तिथला बंडखोर नेता होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. पैसा यायचा पूर्वेकडच्या कोनो भागातल्या हिऱ्यांतून. तिथले बरेचसे हिरे नदीकाठच्या वाळूत असतात. गुडघाभर पाण्यात चाळणी घेऊन उभं राहायचं, एवढंच. त्यामुळे ज्याच्याकडे बंदूक, त्याचेच हिरे.

1996 च्या निवडणुकीच्या सुमारास लोकांनी मत देऊ नये म्हणून बंडखोरांनी माणसांचे हात तोडायला सुरुवात केली. 'शॉर्ट स्लीव्ह की लाँग स्लीव्ह?' असं आधी विचारायचे. म्हणजे कोपराच्या वरून की मनगटावरून. रविवारी लम्ली बीचवर मी फुटबॉल बघायला जायचो. मैदानात पळणारे सगळे एका पायाचे, कुबड्यांवर. गोलकीपर एका हाताचा. पहिल्या दिवशी मला पाच मिनिटंसुद्धा बघवलं नाही. नंतर मात्र कुणाचा गोल हुकला की मीही त्यांच्यासारखाच ओरडायला लागलो.

आता तुमचा मूळ मुद्दा. बाहेरच्यांनी सुरुवातीला तिथे चुकाच केल्या. सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या जुलै 1999 च्या लोमे करारात संकोहला माफी मिळाली, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला आणि वर खनिज आयोगाचं अध्यक्षपदही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मग शांतिसेना आली ती 6,000 जवानांची, देशभर विखुरलेली. मे 2000 मध्ये बंडखोरांनी त्यातल्या सुमारे 500 जणांना ओलीस धरलं.

आपल्या लोकांना हा भाग फारसा ठाऊक नाही. त्या सेनेचे प्रमुख भारताचे मेजर जनरल विजय जेटली होते. देशाच्या पूर्व टोकाला कैलाहून या गावी आपल्या गुरखा पलटणीचे दोनशेहून अधिक जवान सुमारे अडीच महिने वेढ्यात अडकले होते. त्यांनी शस्त्रं खाली ठेवली नाहीत. जुलैच्या मध्यावर, भर पावसात, 'ऑपरेशन खुकरी' करून त्यांना सोडवलं. एक हवालदार धारातीर्थी पडला. पुढे नायजेरियाचे अधिकारी हिऱ्यांच्या व्यवहारात सामील असल्याचा आरोप करणारा जेटलींचा अहवाल फुटला, वाद विकोपाला गेला आणि भारताने आपली तुकडी परत बोलावली. मला याचं अजून वाईट वाटतं. कैलाहूनच्या जवानांनी कमावलेलं पुढच्या कामात वापरता आलं असतं.

मग काय बदललं? मे 2000 मध्येच ब्रिटिश पॅराट्रूपर फ्रीटाऊनजवळच्या लुंगी विमानतळावर उतरले आणि फ्रीटाऊन वाचलं. फ्रीटाऊनमध्ये आजही ब्रिटिशांचं नाव आदराने घेतात. पण मला वाटतं, युद्ध संपलं ते त्यानंतरच्या दीड वर्षात. शांतिसेना 17,500 पर्यंत वाढवली गेली. सरकारी प्रमाणपत्राशिवाय तिथले हिरे घ्यायला सुरक्षा परिषदेने बंदी घातली. लायबेरियावर निर्बंध आले. शेजारच्या गिनीच्या फौजेनेही आरयूएफला चांगलंच झोडपलं. टेलरची रसद आटली तेव्हा कुठे बंडखोर खऱ्या अर्थाने बोलायला तयार झाले. जानेवारी 2002 मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं, तोवर 70,000 हून अधिक लढवय्यांनी शस्त्रं जमा केली होती. टेलरला पुढे 2012 मध्ये विशेष न्यायालयाने 50 वर्षांची शिक्षा दिली. याउलट लिबियात 2011 मध्ये नाटोच्या विमानांच्या मदतीने गद्दाफीला हटवायचं काम झालं, पण मागे थांबायला कुणी नव्हतं. परिणाम आपण बघतोच आहोत.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. मला रोज कामावर सोडणारा ओकाडावाला, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारा पोरगा, बारा-तेरा वर्षांचा असताना बंदूक घेऊन फिरत होता. कोणत्या बाजूने, ते मी विचारलं नाही. शस्त्र जमा केल्यावर मिळालेलं ओळखपत्र त्याने अजून पाकिटात जपलं होतं. त्याला सुतारकाम शिकवलं, हत्यारांची पेटी दिली. काम मिळेना म्हणून पेटी विकून त्याने गाडीसाठी पैसे उभे केले. त्याच्यासारखे शेकडो त्या शहरात होते. बंदुका काढून घेतल्या, पोटाचा प्रश्न तसाच राहिला, आणि आजही तो तिथे पुरता सुटलेला नाही.

तरी ऑगस्ट 2007 ची निवडणूक मी डोळ्यांनी पाहिली. धो धो पाऊस, शाळेबाहेर सकाळपासून रांग. दुसऱ्या फेरीनंतर विरोधी पक्षाचा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला आणि जुन्या सरकारने खुर्ची सोडली. त्या रांगेतून एक माणूस मत देऊन बाहेर आला, दोन्ही हात नसलेला. कडेला थांबून त्याने चपलेतून पाय काढला आणि सोबतच्या मुलाला अंगठ्यावरची शाई दाखवली.