कौलांखाली प्लाय टाकावं का?

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचं सासरचं कौलारू घर आहे. वासे वाळवीने खाल्ले, म्हणून यंदा लोखंडी पाइपांचा सांगाडा करून वर जुनीच मंगलोरी कौलं चढवायची आहेत. छप्पर साधारण ९०० चौरस फूट. फॅब्रिकेटर म्हणतो, कौलांखाली प्लायवूड टाका, मग माकडांनी कौल फोडलं तरी घरात थेंब येणार नाही. गवंडी म्हणतो, प्लाय दोन पावसाळ्यांत कुजेल. आम्ही ठाण्यात राहतो, गावी फक्त मे महिन्यात आणि गणपतीत जातो. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुम्ही तर कौलांबद्दलच कौल मागितलात! उजवा द्यायचा की डावा, ते घराचा कुठला भाग आहे त्यावर ठरेल. तुमचा गवंडी आणि फॅब्रिकेटर, दोघंही अर्धे बरोबर आहेत.

माझी लेक अमेरिकेत ओहायोला असते. तिच्या शेजारच्या घराचं छप्पर बदलत होते, तेव्हा मी दोन दिवस खुर्ची टाकून बघत बसलो होतो. (लेक वैतागली, पण चाळीस वर्षांची खोड जाते थोडीच.) तिकडे वर डांबरी शिंगल्स असतात. त्या पातळ, त्यामुळे खिळा मारायला खाली सलग पाटण, म्हणजे फळ्यांचा किंवा प्लायचा तळ लागतोच, आणि वाशांवर ठोकलेल्या प्लायने घराचा सांगाडाही ताठ होतो. आपलं मंगलोरी कौल रीपेला, म्हणजे वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीला, अडकून स्वतःच्या वजनावर बसतं. त्याला प्लायची गरज नाही. आपण प्लाय टाकतो ते कौलाखाली दुसरं छप्पर म्हणून. मग त्यावर पडलेल्या पाण्याला पागोळीपर्यंत, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपर्यंत, वाट नको का?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. रत्नागिरीजवळच्या एका घरावर मी प्लाय मारलं, त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि आडव्या रीपा थेट त्याच्यावर ठोकल्या. काम देखणं झालं होतं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मालकांनी बोलावलं. कौलं काढली, तर प्रत्येक रीपेच्या वरच्या अंगाला प्लाय फुगलेलं. बोट घातलं की ताकात भिजलेल्या भाकरीसारखा तुकडा हातात. फुटक्या कौलातून आलेलं पाणी कागदावरून घरंगळत येऊन रीपेपाशी अडत होतं आणि खिळ्यांच्या भोकांतून आत मुरत होतं. प्रत्येक रीप म्हणजे एक बांधच मी घातला होता. अर्धं छप्पर पदरचे पैसे घालून परत केलं.

तेव्हापासून आधी उभ्या पट्ट्या. प्लाय, त्यावर पाणीरोधक कागद, त्यावर प्रत्येक वाशाच्या रेषेत आढ्याकडून (छपराच्या माथ्याकडून) पागोळीकडे जाणाऱ्या इंचभर जाडीच्या पट्ट्या, आणि या पट्ट्यांवर आडव्या रीपा. रीपा अशा उचलल्या गेल्या की खालून पाणीही वाहतं आणि वाराही. तुमचा फॅब्रिकेटर हा थर वगळायला बघेल, कारण त्यात लाकूड आणि मजुरी दोन्ही वाढतात. तिथे ऐकू नका. कागद खालून वर अंथरत जायचा, वरचा पट्टा खालच्यावर सहा इंच चढवून. आढ्यापाशी दोन्ही बाजूंना प्लाय दोन-दोन इंच आखूड ठेवा, म्हणजे कोन्यांखालून (आढ्यावरच्या कौलांखालून) गरम हवा निघून जाईल.

प्लाय मारण्यातल्या चुका साध्या असतात, पण महागात पडतात. शीट आठ बाय चारची, म्हणून पाइप दोन-दोन फुटांवर घ्या; सांधा बरोबर पाइपावर येतो. शीटची लांब बाजू वाशांना आडवी हवी, तिची ताकद त्याच दिशेला असते. सुरुवात पागोळीकडून, दोरी लावून. पहिली ओळ वाकडी गेली की आढ्यापर्यंत वाकडीच जाते. दुसरी ओळ अर्ध्या शीटने सुरू करा, विटांचे सांधे मोडतो तसे. दोन पाइपांच्या मध्ये लोंबकळणाऱ्या आडव्या सांध्याखाली एक आडवा पाइप टाकायला सांगा. आणि शीटला शीट घट्ट भिडवू नका. तीन इंची खिळ्याच्या जाडीएवढी, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, फट ठेवा. पावसाळी हवेत प्लाय फुगतं आणि जागा नसली की पोट काढतं. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू (लोखंडात स्वतःच भोक पाडणारे) कडेला सहा-सहा इंचांवर, मध्ये फूटभर अंतराने. कडांना रंगाचा हात आधीच मारून घ्या, कारण प्लाय पाणी पितं ते कडेनेच.

स्क्रूंत काटकसर नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मी दापोली-मंडणगडकडे फिरलो होतो. मोकळ्या कौलांच्या फटींतून वारा थोडाफार निसटतो. सलग प्लाय खालून आलेला वारा शिडासारखा अंगावर घेतं. चार कोपऱ्यांत चार स्क्रू म्हणजे वादळाला आमंत्रणच. मेच्या अखेरीला वळवाची हवा असेल त्या संध्याकाळी तर शीट वर चढवूही नका.

प्लाय बारा मिलिमीटरचं पुरे, पण आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलंच. शिक्क्यावर माझा भरवसा कमीच. दुकानातून हातभर तुकडा आणून दिवसभर पातेल्यात उकळतो. थर सुटले, तर माल परत. (पातेलं मात्र जुनं घ्या. आमच्याकडे यावरून एकदा महाभारत झालं आहे.) अख्खं छप्पर धरलं तर २८-२९ शीट लागतील, कापाकापी धरून ३१. एक शीट तेवीस-चोवीस किलोची. कौलांचं तीन टनांवर वजन आहेच, त्यात हे पाऊण टन धरूनच पाइप निवडायला सांगा.

आता माकडं. प्लायने घरात थेंब येणार नाही हे खरं, पण म्हणूनच कौल फुटल्याचं तुम्हाला कळणारही नाही. पूर्वी आत उभं राहून उजेडाचा कवडसा दिसला की काठीने कौल सरकवता यायचं. प्लाय आलं की ती सोय संपली, शाकारणीला, म्हणजे कौलं नीट लावायला, माणूस वरच चढवावा लागतो. दहा महिने बंद राहणाऱ्या घरात ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

म्हणून माझं मत असं : माजघर आणि झोपायच्या खोल्यांवर प्लाय टाका, खालून वॉर्निश मारून उघडंच ठेवा. पीओपी अजिबात नको, डाग पडला तर दिसला पाहिजे. पडवी आणि स्वयंपाकघर मोकळ्या कौलांवरच राहू द्या. पडवीत वाऱ्याची झड प्लायला खालून भिजवते, आणि चुलीच्या धुराला कौलांच्या फटीच बऱ्या. दर मे महिन्यात मृगाच्या आधी एकदा कौलं परतून घ्या.

कागद अंथरून उभ्या पट्ट्या मारल्या की, रीपा ठोकण्याआधी, एका गड्याला आढ्यापाशी चढवून चार बादल्या पाणी ओतायला लावा. तुम्ही स्वतः एकदा माजघरात आणि एकदा पागोळीखाली उभ्या राहा. आत कोरडं राहिलं आणि चारही बादल्यांचं पाणी अंगणात आलं, तर कौलंवाल्याला बोलवा.