आधी मुसळ, मग कुसळ

मंडळीतल्या (चर्चमधल्या) एकाचं वागणं खटकतं, बोलू का, हा तुझा प्रश्न. सध्या बायबलमधलं मत्तय ७:१-५ एवढंच सावकाश वाच. नवखा माणूस 'कोणाचे दोष काढू नका' या पहिल्याच वचनापाशी थांबतो आणि 'कोणाला काही म्हणायचंच नाही' असा अर्थ काढतो. पाचवं वचन तर भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायलाच सांगतं, फक्त आपल्या डोळ्यातलं मुसळ आधी.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- प्रार्थनेच्या नावाखाली चुगली. "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याचं हल्ली ना..." यातलं दुसरं वाक्य गिळायचं. (मी वर्षानुवर्षं गिळलं नाही.)
- चारचौघांत टोकणं. मत्तय १८:१५ एकांतात जायला सांगतं.
- खाण्यापिण्यावरून, दिवस पाळण्यावरून माणूस जोखणं. त्यासाठी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय वाच.

उपासनेला रोज उशिरा येणाऱ्या एका बाईंकडे मी मान वळवून बघायचो. एकदा त्या शेजारीच बसल्या. हातांना औषधाचा वास होता. घरी आई अंथरुणाला खिळलेली. मी कधी विचारलंच नव्हतं.

तू या आठवड्यात एवढंच कर: ज्याचा राग येतो त्याला "कसं चाललंय?" विचार आणि उत्तर पूर्ण ऐक. शिस्त, समज देणं वगैरे नंतर बोलू.