स्मोक डिटेक्टरसाठी एफडी मोडू का?

प्रश्न: ठाण्यात चौदाव्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. आई-वडील दिवसभर घरीच असतात. वडील रात्री कानाचं मशीन काढून झोपतात. खालच्या मजल्यावर चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीने पेट घेतला, तेव्हापासून धास्ती बसली आहे. एका कंपनीने धूर होताच वाजणाऱ्या स्मोक डिटेक्टरची, अ‍ॅपसकट पूर्ण घराची यंत्रणा ४८,००० रुपयांना सांगितली. दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे वर्षाला ४,५००. एफडी मोडून घेऊ, की त्यापेक्षा घराचा विमा काढू?

उत्तर: ताई, एफडी राहू द्या. डिटेक्टर मात्र याच महिन्यात घ्या.

डिटेक्टरचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, त्यानंतर तो बदलावाच लागतो. म्हणजे ४८,००० आणि वर नऊ वर्षांचे ४०,५००, एकूण ८८,५०० रुपये. बॅटरीवरचा सुटा फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या मदतीने धूर ओळखणारा) डिटेक्टर दीड-दोन हजारांत येतो. छताला दोन स्क्रू, महिन्यातून एकदा टेस्टचं बटण, अधूनमधून धूळ झटकणं. एवढ्यासाठी देखभालीचा करार कशाला?

कोटेशनमधली एक गोष्ट मात्र तुमच्या घरात पैसे मोजण्याजोगी आहे. हॉलमधला डिटेक्टर वाजला की बेडरूममधलाही वाजतो. वडिलांना ऐकू कमी येतं, दार बंद असतं, आणि झोपेत धुराच्या वासाने जाग येईल याचा भरवसा नसतो. तेव्हा एकमेकांना वायरलेस जोडलेलेच तीन घ्या: दोन्ही बेडरूमना आणि हॉलला एकेक. नगामागे हजारभर जास्त गेले तरी घासाघीस करू नका. खरेदीआधी मागची उत्पादनाची तारीख बघा. दुकानात पडून राहिलेल्या मालाची वर्षं तुमच्या दहातूनच वजा होतात.

स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर नको. मी हौसेने ओट्याच्या वर बसवला होता. ठेच्यासाठी मिरच्या भाजताना दोनदा बोंबलला. तिसऱ्या दिवशी आईने बॅटरी काढून फ्रीजवर ठेवली. तिथे उष्णतेवर चालणारा हीट डिटेक्टर लावतात.

आता विमा. तो जळालेल्या कपाटाचे पैसे देईल, पण रात्री दोनला कोणाला उठवणार नाही. म्हणून ‘त्यापेक्षा’ नव्हे, तोही काढा. एप्रिल २०२१पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. विम्याची रक्कम फ्लॅटच्या बाजारभावावर नव्हे, बांधकाम खर्चावर काढा. ६०० चौरस फूट कार्पेट एरिया (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) आणि फुटाला ३,००० रुपये धरले तर १८ लाख. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. म्हणजे इथे ३ लाख ६० हजार. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल तर यादी देऊन वाढवून घ्या. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. ‘डिटेक्टर लावला की प्रीमियम कमी होतो’ असं विक्रेता म्हणाला असेल, तर लेखी मिळेपर्यंत ती सूट हिशेबात धरू नका.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे ‘फॉर्म बी’ मागा. इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा हा दाखला परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. त्या यंत्रणेचा खर्च तुम्ही मेंटेनन्समधून आधीच भरताय.

डिटेक्टर बसवले की एका रात्री वडील मशीन काढून झोपल्यावर हॉलमधल्याचं टेस्ट बटण दाबून बघा. ते उठले नाहीत, तर त्यांच्या उशीखाली थरथरणारा अलार्म लागेल. मला पुन्हा लिहा, तोही बजेटमध्ये बसवू.