साडेतीन वर्षांची मुलगी पेन्सिल मुठीत धरते, नर्सरीत मात्र अक्षरं गिरवायला देतात. घरी काय करून घ्यावं?

या वयात मुठीची पकड स्वाभाविक आहे. तीन बोटांची पकड बहुतेक मुलांना ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान जमते, म्हणून आत्ताच 'अ आ इ'ची घाई नको. आधी बोटांत ताकद येऊ द्या. पोळ्या करताना कणकेचा गोळा तिच्या हाती द्या, मटार सोलायला बसवा, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावू द्या. रविवारी चौपाटीवर ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढायला मिळाल्या तर फारच छान.

लांब पेन्सिलीऐवजी खडूचा पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीत धरताच येत नाही; अंगठा आणि दोन बोटं आपोआप पुढे येतात. कागद कपाटाच्या दारावर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा, म्हणजे मनगट योग्य वळतं. आधी उभी रेघ, मग आडवी, मग गोल. तिरप्या रेघा सगळ्यात शेवटी. काना, शिरोरेषा आणि 'व'चं पोट यातूनच येतं.

पाच वर्षांनंतरही हात लगेच दुखत असेल किंवा ती रंगवणंच टाळत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (लिहिणं, जेवणं अशा रोजच्या कामांची कौशल्यं सुधारायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. मुंबईत केईएम, सायन, नायर या रुग्णालयांमध्ये हा विभाग आहे.