न पडता चिरलेली मूठ
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : गोठ्यावरच्या माळ्यावर अज्जांची लोखंडी ट्रंक होती. तिच्यात तळहातावर मावणारी पत्र्याची डबी सापडली. आत तीन तुकड्यांचा दाढीचा रेझर आहे : वरची फुगीर टोपी, दोन्ही कडांना दाते असलेली पट्टी आणि आखूड, पोकळ मूठ. त्यावर इंग्रजीत १५ नोव्हेंबर १९०४ अशी तारीख आहे. रेझर त्याच साली बनला का? दुसरे म्हणजे, मुठीला उभी, केसाएवढी चीर आहे. कोणी पाडला नाही, आपटला नाही. मग चिरला कसा?
– एक वाचक, तालुका खानापूर

उत्तर : ती तारीख पेटंटची. पातळ, फेकून देण्याजोगे पाते आणि ते धरणारा रेझर यासाठी अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट यांना त्या दिवशी पेटंट मिळाले. विक्री त्याआधीच, १९०३ साली सुरू झाली होती. पहिल्या वर्षी खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. तारखेवरून एवढेच कळते की तुमचा रेझर १९०४ अखेरच्या आधीचा नाही. तो पुढे कितीही वर्षांनी बनलेला असू शकतो. पेटंटची सतरा वर्षे १९२१ मध्ये संपली आणि मग इतर कारखान्यांनीही याच बांधणीचे रेझर काढले.

आता चीर. आखूड रेझरचा सगळा डाव वजन आणि जागा वाचवण्याचा. टोपी, पट्टी, मूठ सुटी करून शेजारी आडवी ठेवली की डबी खिशात मावते. मूठ हलकी हवी म्हणून ती भरीव दांड्याची न करता पातळ पितळी नळीची करतात. अशी नळी थंडच ओढून बारीक केलेली असते, त्यामुळे धातूत ताण कोंडून राहतो. अशा पितळेला ओल आणि अमोनिया एकत्र मिळाले की ते कधीतरी आपोआप उभे फाटते. हात लावायचीही गरज नसते.

हा रोग पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो आपल्याच देशात. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पितळी नळ्या पावसाळ्यात तडकायच्या, म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूवरूनच नाव पडले. घोड्यांच्या पागेतल्या मुताचा अमोनिया हे त्यामागचे कारण सांगतात. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. तुमची ट्रंक गोठ्यावर होती आणि खानापूरचा पाऊस सांगायला नको. आणखी पुरावा कशाला हवा?

चीर किती लांब आहे ते आधी बघा. मूठ कोरडी करून चिरेवर रॉकेलचा एक थेंब सोडा, पाच मिनिटांनी स्वच्छ पुसा आणि खडूची बारीक पूड भुरभुरा. आत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. डोळ्याला दिसते त्यापेक्षा ही रेघ बहुधा लांब निघते. ती आट्यांच्या टोकापर्यंत गेली असेल तर टोपी घट्ट पिळू नका, मूठ उमलेल.

दुरुस्ती साधी आहे. नळीच्या आतल्या व्यासापेक्षा ०.१ मिमी बारीक पितळी दांडा लेथवर काढून घ्या, आतून नळी खरडून तेलकटपणा घालवा आणि दोन ट्यूबमधून मिसळायच्या इपॉक्सी गोंदाने दांडा आत बसवा. चोवीस तास हात लावू नका. आट्यांचा भाग मोकळा राहील एवढीच लांबी ठेवा. वजन थोडे वाढेल, ते चालेल. मात्र कल्हईवाल्याकडे नेऊ नका. ज्योतीने मुलामा जाईल हे एक, आणि कल्हईचा नवसागर म्हणजे अमोनियाचेच क्षार. काच पुसायच्या द्रवातही बरेचदा अमोनिया असतो, तोही वर्ज्य. डबी आता गोठ्यावर नको, घरातल्या कोरड्या कपाटात ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी. जुन्या रेझरच्या आट्यांत पांढरा थर बसून मूठ फिरतच नाही. चिंच-मीठ लावून घासू का?
– चिकोडी

उत्तर : तांब्या घासताय असे समजू नका. रेझरवर चांदीचा किंवा निकेलचा अगदी पातळ मुलामा असतो. चिंचेचे आम्ल क्षारही खाते आणि मुलामा उडालेल्या जागचे पितळही. मीठ-राखेने घासले तर उरलासुरला मुलामा निघतो. एक भाग व्हिनेगर, चार भाग कोमट पाणी, त्यात पाच मिनिटे बुडवा. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून धुवा. मऊ दातब्रशने आटे साफ करा, पूर्ण वाळवा आणि आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. तरी मूठ फिरली नाही तर पक्कड लावू नका, तेल घालून रात्रभर ठेवा.

प्रश्न : उद्यमबागेत लेथवर काम करतो. हौसेने पितळेचा तीन तुकड्यांचा आखूड रेझर केला. दिसायला झकास, पण दाढी करताना पाते थरथरते आणि एका बाजूने जास्त लागते. मुलामा दिल्यावर तर मूठ टोपीत शिरेना.
– शहापूर, बेळगाव

उत्तर : तुमची तीन दुखणी वेगवेगळी आहेत.

थरथरीचे मूळ टोपीच्या गोलाईत. सपाट पत्रा लवतो, तोच पन्हळी केला की माणसाचे वजन पेलतो. रेझरमध्ये पाते वाकवून बसवण्याचे कारण हेच. टोपीच्या आतली गोलाई पट्टीच्या पाठीपेक्षा किंचित लहान त्रिज्येची हवी. म्हणजे पिळताना टोपीच्या लांब कडा आधी पात्याला टेकतात आणि धारेच्या जवळ दाब पडतो. तुमची टोपी बहुधा चपटी झाली आहे. ती मधोमध दाबते आणि धार अधांतरी राहते. तपासायला पात्यावर मार्करची शाई फासा, पिळून उघडा आणि शाई कुठे पुसली ते बघा. धारेला समांतर दोन रेघा दिसल्या तर ठीक. मधे डाग दिसला तर टोपी पुन्हा करायची.

सुरुवातीची पाती सुमारे ०.१५ मिमी जाडीची असत, आजची ०.१ मिमीच्या आसपास. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे आजचे पाते जुन्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी ताठ. जुन्या रेझरची मापे जशीच्या तशी उचलली तर ही चूक हमखास होते.

एका बाजूने लागते ते खुंट्यांमुळे. टोपीच्या खुंट्या पात्याच्या भोकांत ढिल्या असतील तर पाते तिरके बसते. एका टोकाला धार जास्त बाहेर येते, दुसऱ्या टोकाला आत जाते. खुंट्या पात्यावरूनच मापून घ्या, पुस्तकावरून नको. पिळल्यावर रेझर उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंची फट चारही टोकांना सारखी आहे का बघा. दात्यांपासून धारेपर्यंत ०.६ ते ०.८ मिमी ठेवा, रोजच्या दाढीला पुरते. दात्यांमधल्या खाचा कापल्यावर उरलेली बारीक कुसळे काढायला विसरू नका. पुष्कळदा ओरखडा पात्याने नाही, त्या कुसळाने येतो.

मुलाम्याचे गणित असे. ६० अंशांच्या आट्यावर मुलाम्याची जाडी १० मायक्रॉन असली तर मधला व्यास चौपट, म्हणजे ४० मायक्रॉनने वाढतो. बाहेरचा आटा आधीच तेवढा बारीक कापा किंवा मुलाम्याआधी आटे झाकून घ्या. मुलामा दिल्यावर डाय, म्हणजे आटे कापायचे हत्यार, फिरवणे म्हणजे मुलामा सोलणेच.

आणि मूठ नळीची करणार असाल तर खानापूरच्या वाचकाला दिलेले उत्तर वाचा. मुलाम्याआधी नळी २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तासभर भट्टीत ठेवली की कोंडलेला ताण बराच उतरतो.

प्रश्न : शंभर वर्षांच्या रेझरला आजचे पाते बसते का? त्यातली जुनी पाती वापरू का? – निपाणी

उत्तर : दुधारी तीन तुकड्यांच्या रेझरला बहुधा बसते. आजच्या पात्याची मधली खाच अशी आहे की जुन्या तीन भोकांच्या खुंट्याही तिच्यात शिरतात. मूठ पाव फेरा सैल केली की पाते थोडे सरळ होऊन धार दात्यांपासून उचलते आणि दाढी अधिक खरवडून होते. त्याहून सैल केली तर पाते हलेल. जुनी पाती साध्या पोलादाची असतात. कागदात गुंडाळलेलीही धारेवर गंजाने खाल्लेली निघतात. ती संग्रहाला ठेवा, गालाला लावू नका.