दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांना दिलेल्या सवलतींमुळे अमेरिकेत भरभराट झाली, हे खरं आहे का? आणि आपल्याकडे तसं का झालं नाही?

बऱ्याच अंशी खरं. पण 'सरकारने पैसे वाटले आणि तेजी आली' इतकं ते सरळ नाही.

या सवलती देणाऱ्या कायद्यावर, म्हणजे जी.आय. बिलावर, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली जून 1944 मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच. लाखो माणसं एकदम घरी येणार, दारूगोळ्याचे कारखाने थंडावणार आणि 1930 च्या दशकातली मंदी परत येणार, ही धास्ती होती. आठवड्याला 20 डॉलर बेकारभत्ता, तोही 52 आठवडे म्हटल्यावर पोरं आयतं खाऊन सोकावतील, अशी ओरड झाली. प्रत्यक्षात त्यासाठी ठेवलेल्या रकमेचा पाचवा हिस्साही खर्च झाला नाही.

जवळपास 78 लाख जणांनी शिक्षण-प्रशिक्षण घेतलं. त्यातले कॉलेजात गेले 22 लाख. बाकीचे कारागिरी, कारखान्यातली कामं, शेती शिकले. त्यामुळे सगळे एकाच वेळी नोकरीच्या रांगेत उभे राहिले नाहीत, आणि आले ते हातात काहीतरी घेऊन.

मी पुण्यात बँकेत कर्जविभागात होतो, त्यामुळे मला खरी गंमत घरकर्जाची वाटते. सरकारने कर्ज दिलं नाही, हमी दिली. कर्ज बुडालं तर नुकसानीचा मोठा भाग सरकार सोसणार, म्हटल्यावर बँक हातात फारसं काही नसलेल्या पंचविशीतल्या पोरालाही दारात उभं करते. गिऱ्हाईक पक्कं, म्हणून बिल्डर वसाहती उठवतो. मागोमाग फ्रीज, मोटार, रस्ते. मात्र कर्ज मंजूर करणारा स्थानिक बँकवालाच. 1947 च्या पाहणीत मिसिसिपी या दक्षिणेकडच्या राज्यातल्या 13 शहरांत घर, धंदा, शेतीसाठी अशी हमीची 3,200 हून जास्त कर्जं सापडली, त्यातली कृष्णवर्णीयांना फक्त दोन!

आणि सगळं श्रेय बिलाला देऊ नका. युद्धकाळात लोकांची बचत साठली होती, आणि युरोप-जपानचे कारखाने बेचिराख झाले होते.

आपल्याकडे त्या युद्धात 25 लाख माणसं भरती झाली, पण असं काही मिळालं नाही. आजचा जवान चाळिशीच्या आतबाहेर पेन्शनवर येतो. खडकीच्या बाजूला आमची शाखा होती. तिथे पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, घेऊन आलेल्या बहुतेकांचा प्रश्न एकच: "साहेब, कम्युटेशनचे पैसे कधी जमा होतील? धानोरीला जागा बघून ठेवलीय." कम्युटेशन म्हणजे निम्म्यापर्यंत पेन्शन विकून एकरकमी पैसे मिळतात, ते जागेत जातात. मग रणगाड्याचं इंजिन खोलून जोडणारा माणूस एखाद्या आयटी कंपनीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसतो. पेन्शनने घर चालतं, गावाकडच्या दुकानदाराचा धंदाही चालतो, पण त्याचं कसब वाया जातं ते जातंच.

अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणारे सैनिक, मात्र जी.आय. बिलवाल्यांच्याच वयाचे. चार वर्षांनी त्यातले जास्तीत जास्त पाव राहणार, बाकीचे साधारण 11.7 लाख घेऊन बाहेर, पेन्शन नाही. त्या रकमेला शिक्षणाची आणि कर्जाच्या हमीची भक्कम जोड दिली नाही, तर तीही जागेतच जाईल, असं माझं मत.