गोधडीला बसण्याआधी पेटीत काय हवं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच गोधडीच्या सामानाविषयी आहेत. थंडी जवळ आली की असं होतंच. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देते. आधी पत्र, त्याच्या शेवटी कंसात गाव, आणि खाली माझं उत्तर. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण त्या ताईंचा प्रश्न इतर अनेकींनीही वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे.

आई आणि आजी, दोघींच्या सुती नऊवारी साड्या माझ्याकडे आहेत. त्यांची एक गोधडी शिवायची आहे. व्हिडिओ पाहिले तर गोल पात्याचा कटर, त्याखाली ठेवायची मॅट, पट्ट्या, लाकडी रिंग, वॉकिंग फूट, पन्नास प्रकारच्या टाचण्या अशी यादी झाली. बेरीज केली आणि धीरच खचला. घरात आईचं काळं पायमशीन आहे, चालू स्थितीत. नेमकं काय घेऊ? (नाशिक)

ताई, ती यादी बाजूला ठेवा आणि आधी साड्या खिडकीपाशी न्या. एकेक हात कापड उजेडावर धरून पाहा. जिथे विरलंय तिथून उजेड जास्त येईल. नऊवारीत बसण्याच्या आणि कासोट्याच्या जागा लवकर झिजतात, पदराकडचा भाग बहुधा धड असतो. धड कापड वरच्या आणि खालच्या थराला ठेवा, विरलेलं आत घाला. बोटाने हलकं ताणल्यावरही फाटतंय, ते मात्र आतही नको. त्याच्यात टाका टिकत नाही आणि धुताना आतल्या आत गोळा होतो.

आता माप. नऊ वार म्हणजे २७ फूट. साडीची चौपदरी घडी घातली की पावणेसात फुटांची लांबी येते, म्हणजे उंच माणसाच्याही पायाशी पुरते. त्या चार तुकड्यांतले दोन काठाला काठ लावून जोडले की एक बाजू झाली, उरलेल्या दोघांची दुसरी. साडीचा पन्हा ४५ इंच धरला तर रुंदी साडेसात फूट मिळते. एका साडीत दोन्ही अंगं निघाली! आत आणखी दोन साड्या याच पद्धतीने घाला, सहा थर होतात. हाताने शिवायला सहा थर पुष्कळ झाले. जुन्या साड्या धुऊन धुऊन आटलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात माप थोडं कमी भरेल.

हे चार तुकडे कापायला कटर लागत नाही, कात्रीही जेमतेम लागते. काठाला एक बारीक काप द्या आणि साडी आडवी फाडा. सुती कापड आडव्या धाग्याच्या रेषेत फाटतं, पट्टी लावूनही इतकं सरळ कापता येत नाही. कापड जीर्ण असेल तर फाडू नका. एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचलून हळूहळू ओढा, त्याची जी फट दिसेल तिच्यावरून कात्री चालवा. म्हणून पहिल्या गोधडीसाठी कटर, मॅट आणि मोठी पट्टी या तिन्ही गोष्टी तुमच्या यादीतून मी खोडते.

जिथे पैसे घालायचे ती पहिली जागा म्हणजे सुई. तुमच्या संपूर्ण सामानात ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि रोजचे दोन-तीन तास ती तुमच्या बोटांत असणार आहे. हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवा. मशीनच्या सुईचं याच्या बरोबर उलट असतं. सुती थरांच्या गोधडीला कशिद्याची ५ किंवा ६ नंबरची सुई घ्या. तिचं नेढं लांबट असतं, जाडसर दोरा सहज ओवला जातो आणि लांबी पुरेशी असल्यामुळे एका वेळी तीन-चार टाके भरून घेता येतात. व्हिडिओत दिसणाऱ्या आखूड सुया, ज्यांना ‘बिटवीन’ म्हणतात, त्या पातळ थरातून अगदी बारीक टाके काढण्यासाठी आहेत. सहा थर साडीत त्यांनी बोटं दुखतील. आणि दाभण नकोच. पोती शिवायचं दाभण जुन्या लुगड्याला भोकं पाडतं आणि ती भोकं पुढे वाढत जातात. सुई गंजली, वाकली किंवा कापडातून जाताना करकरली की टाकून द्या, जपून ठेवू नका.

दुसरी जागा अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी. बहुतेकजणी हे घेतात आणि दोन दिवसांत काढून ठेवतात, कारण ते बोटात बसत नाही. माझ्या सासूबाईंनी वाकळा शिवल्या त्या पितळी अंगुस्तानावर. त्या नवं अंगुस्तान घेताना दुकानातच घालून हात खाली झटकायच्या. पडलं तर परत, बोटाचं टोक लाल झालं तरी परत. मी आजही तसंच निवडते. मधल्या बोटात घालायचं, सुईचा मागचा भाग त्याच्या खळग्यात टेकवायचा आणि ढकलायचं. खळगे खोल हवेत, नाहीतर सुई घसरून नखाखाली जाते. नखं वाढवलेली असतील तर वरून उघडं, शिंपी वापरतात तसं कडं मिळतं, ते घ्या. चार दिवस अवघडल्यासारखं होईल. तेवढे काढा. सहा थरांतून उघड्या बोटाने सुई ढकलत राहिलात तर बोटाला घट्टे पडतील आणि काम अर्ध्यावर राहील. अशा अर्ध्यावर राहिलेल्या गोधड्या मी कितीतरी घरांच्या माळ्यावर पाहिल्या आहेत, आणि दरवेळी वाईट वाटतं.

दोरा सुतीच घ्या, कापडाच्या जातीचा. पांढऱ्यावर रंगीत दोरा सुंदर दिसतो, पण आधी वीतभर दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा गोधडीला नको. ओवताना हाताच्या बोटापासून खांद्यापर्यंत भरेल इतकाच घ्या. त्याहून लांब दोरा गुंततो आणि सारखा कापडातून ओढला जाऊन झिजतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतलात तर पीळ बसतो आणि गाठी होत नाहीत.

कात्र्या दोन. एक शिंप्याची आठ इंची, फक्त कापडासाठी. तिच्या मुठीला चिंधी बांधून ठेवा म्हणजे घरातलं कुणी कागद कापायला नेणार नाही. दुसरी दोरा तोडायची लहान. मोठी कात्री धार लावून घेता येईल अशी, लोखंडी पात्यांची आणि मध्ये स्क्रू असलेली बघा. मेरठच्या कात्र्या याच गुणासाठी नावाजल्या आहेत. भंगारातल्या पोलादापासून त्या घडवतात, वर्षानुवर्षं धार लावून वापरता येतात. २०१३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. प्लॅस्टिक मुठीच्या स्वस्त कात्रीची धार गेली की ती फेकावीच लागते.

मग थर पसरण्याचं काम. याला विकतचं काही लागत नाही, मोकळी फरशी आणि सोबतीला एक बाई लागते. खालचं अंग उलटं पसरा, त्यावर एकेक थर हाताने सरळ करत जा, शेवटी वरचं अंग. चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा. आता मधून कडेकडे असे लांब कच्चे टाके घाला, ओळी एकमेकींपासून मूठभर अंतरावर. टाचण्या किंवा सेफ्टी पिनाही चालतात, पण पिना इतक्या लागतात की कच्चे टाके स्वस्त पडतात, आणि शिवताना दोरा पिनेत अडकत नाही. इथे घाई केलीत तर पुढे सुरकुती बसते आणि ती शेवटपर्यंत निघत नाही.

कच्चे टाके घट्ट असतील तर लाकडी रिंग आणि चौकट दोन्ही लागत नाही. आपल्याकडे गोधडी मांडीवर आणि जमिनीवरच शिवतात. आधी कडा दुमडून बंद करायच्या, मग धावदोऱ्याच्या ओळी कडेने फिरवत फिरवत आत आणायच्या, दोन ओळींत बोटभर अंतर. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका, ज्यांच्या पूर्वजांपैकी बरेचजण पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून निसटून तिकडच्या रानात गेले, त्याही आपली कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेकडून मध्याकडेच शिवतात. चौकटीवर ताणलेली नसते, कोपऱ्यात कापडाची घडी घालून फुलं लावलेली असतात. त्यांचं काम प्रदर्शनात कधी पाहायला मिळालं तर चुकवू नका.

राहिलं तुमचं पायमशीन. साड्यांचे तुकडे जोडायला ते उत्तम. सहा थरांवरून टिपा मारायला मी सांगणार नाही. मशीनचे दात फक्त खालचं कापड पुढे सरकवतात, वरचं मागे रेंगाळतं, म्हणून चुण्या पडतात. फूट म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा मशीनचा पाय. वॉकिंग फूट वरच्या थरालाही पुढे नेतं, एवढ्यासाठीच ते असतं. तुम्ही पुढे तीन थरांच्या रजया मशीनवर शिवायच्या ठरवल्यात तर जरूर घ्या. त्या वेळी फूट खाली टेकवून त्याच्या स्क्रूपर्यंतची उंची मोजा. पाऊण इंचाच्या आसपास असेल तर ‘लो शँक’, म्हणजे ठेंगण्या दांडीच्या मशीनचं, मागा. मशीनचं जुनं फूट दुकानात सोबत न्या, आणि शक्य असेल तर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

म्हणजे तुमची यादी अशी उरली: कशिद्याच्या सुयांचं पाकीट, नीट बसणारं अंगुस्तान, सुती दोरा, मेण, दोन कात्र्या. कात्री घरात असेलच, तर तिला फक्त धार लावून आणा.

मी नव्या सुती कापडाचे चौकोन कापून पॅचवर्क करते. कटर, मॅट, पट्टी सगळं घेतलं, तरी चौकोन जोडून केलेले ब्लॉक एकमेकांशी जुळत नाहीत. पाव इंचाचं खास फूट घेऊ का? (पुणे)

तुमच्या कामाला कटर खरोखर हवा. शेकडो सारखे चौकोन कात्रीने कापत बसू नये. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये हा कटर आणला आणि पॅचवर्कचं काम कितीतरी पटीने सोपं झालं. ४५ मिलिमीटरचं पातं बहुतेक कामांना पुरतं. मॅट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, त्यावर इस्त्रीही ठेवू नका, एकदा वाकली की सपाट होत नाही. आणि कटर खाली ठेवताना पातं बंद करायची सवय हाताला लागू द्या, घरात मुलं असोत वा नसोत.

फूट घेण्याआधी एक चाचणी करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, कडेपासून पाव इंच आत टीप मारून (म्हणजे पाव इंच दाबून) जोडा आणि इस्त्री करा. तिन्ही मिळून साडेतीन इंच भरायला हव्यात, आणि मधली पट्टी बरोबर एक इंच दिसायला हवी. मधली जास्त भरली तर तुम्ही पाव इंचापेक्षा कमी दाबताय, कमी भरली तर जास्त. मग सुई खाली उतरवून तिच्यापासून उजवीकडे पाव इंच मोजा आणि मशीनच्या पाट्यावर तिथे चिकटपट्टीचे पाच-सहा थर एकावर एक लावा. कापडाची कड त्याला घासत चालवा. पुन्हा चाचणी घ्या. एवढ्याने जमलं तर फूट कशाला?

इस्त्री कशी करता तेही बघा. जोडावर इस्त्री फिरवली की कापड ताणतं आणि चौकोन तिरका होतो. इस्त्री ठेवायची, दाबायची, उचलायची.

इस्त्री केली की पुसलं जाणारं पेन खुणांसाठी वापरते. बाळाच्या दुपट्यावरच्या पुसलेल्या रेघा हिवाळ्यात परत उमटल्या! गाडीत राहिलं होतं रात्रभर. (टोरांटो)

त्या शाईचा गुणच तो आहे. साधारण ६० अंश सेल्सिअसला ती दिसेनाशी होते, पण कापडातून जात नाही. उणे १० च्या खाली गारठली की पुन्हा दिसू लागते. पुण्या-मुंबईत हे कधी लक्षात येणार नाही, तुमच्याकडे दर हिवाळ्यात येईल. आत्ता पुन्हा इस्त्री फिरवा, रेघा जातील, आणि पुढच्या वेळी ते पेन फक्त जोडाच्या आत दडणाऱ्या रेघांसाठी ठेवा. पाण्याने जाणारं निळं पेन वापरलंत तर धुण्याआधी त्यावर इस्त्री करू नका, शाई पक्की बसते.

दुपट्यासाठी मला खूण नुसती दाबून काढलेली आवडते. पट्टी धरून चमच्याच्या दांड्याने किंवा बोथट सुरीच्या पाठीने रेघ दाबा. सुती कापडावर ती शिवेपर्यंत नीट दिसते. आपल्या आज्या हेच नखाने करायच्या. आणि बाळाच्या दुपट्याला पिना लावल्या असतील तर लावताना मोजा, काढताना पुन्हा मोजा.

वय ७२. शिवायची हौस आहे, पण सुईत दोराच जात नाही. आपोआप ओवली जाणारी सुई मिळते म्हणे. (सोलापूर)

मिळते, आजी. तिच्या नेढ्याला वरून फट असते, दोरा त्यात दाबायचा. हलक्या कामाला, हेम घालायला चांगली आहे. गोधडीत मात्र जोराने ओढताना दोरा त्याच फटीतून निसटतो. त्यापेक्षा पातळ तारेची सुई ओवणी घ्या, आणि सकाळी कुणाकडून तरी दहा-बारा सुया एकाच रिळावर ओवून घ्या. एकेक सुई पुढे ओढायची, हवा तेवढा दोरा तोडायचा, बाकीच्या सुया रिळाच्या दोऱ्यावर तशाच राहतात. शाळेतून आलेली नातवंडं हे काम आनंदाने करतात.

स्वतः ओवायची असेल तर दोरा तिरका कापा आणि सुईमागे पांढरा कागद धरा. नाही गेला तर सुई अर्धी फिरवून दुसऱ्या बाजूने बघा. नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे एका बाजूने ते जास्त मोकळं असतं. दिवा डाव्या हाताला ठेवा म्हणजे शिवणाऱ्या उजव्या हाताची सावली टाक्यावर पडणार नाही. डावखुऱ्या असाल तर उजवीकडे.